तान्ह्या पोळ्याचा लाकडी बैल

भंडारा जिल्ह्याच्या दक्षिण टोकास लाखांदूर तालुका आहे. त्या तालुक्यात दिघोरी हे गाव आहे. भंडारा हा तळ्यांचा जिल्हा म्हणून प्रसिद्ध आहे. गावोगावची जुनी मालगुजारी तळी आणि वैनगंगा, चुलबंद यांसारख्या नद्या यांच्या पाण्यावर येथे धान पिकतो. आषाढात पऱ्हे उपटून ते चिखलात रोवण्याचे काम सुरू होते, ते थेट श्रावणापर्यंत चालते. या दिवसांत माणसाला उसंत नसते. मग बैलाला कोठून असणार? गुडघाभर चिखलात तो नांगर ओढतो आणि पावसात भिजत बांधीमागून बांधी तुडवीत जातो. श्रावण सरतो, रोवणी आटोपते आणि अमावस्येला पोळा येतो. त्या दिवशी बैलाच्या मानेवर कोणी जू ठेवीत नाही.

पोळा साऱ्या महाराष्ट्राच्या परिचयाचा आहे. आदल्या संध्याकाळी बैलाचे खांदे लोणी-हळदीने चोळून शेकतात. त्याला उद्याच्या जेवणाचे आवतण देतात. दुसऱ्या दिवशी त्याला न्हाऊमाखू घालून शिंगे रंगवितात, पाठीवर झूल घालतात, गळ्यात घुंगुरमाळा बांधतात आणि गावच्या तोरणाखाली त्याला मानाने उभा करतात. घरोघरी दाराशी पळसाच्या फांद्या ठेवलेल्या असतात. हे सर्व तुम्ही पाहिलेच असेल. परंतु नागपूर, वर्धा, भंडारा या भागात पोळ्याचा सण तेवढ्यावर संपत नाही. दुसऱ्या दिवशी, म्हणजे भाद्रपद शुद्ध प्रतिपदेस, तेथे आणखी एक पोळा भरतो. त्यात हाडामांसाचा एकही बैल नसतो. सारे बैल लाकडाचे असतात आणि त्यांचे धनी तुमच्या वयाची, किंवा तुमच्याहूनही लहान मुले असतात. या पोळ्याला 'तान्हा पोळा' म्हणतात.

तान्ह्या पोळ्याच्या दिवशी अशा एखाद्या गावात पाऊल टाकावे, तर प्रथम कानांवर येतो तो चाकांचा आवाज. कोणी मूठभर बैल दोरीने ओढीत चाललेला असतो. कोणाचा बैल इतका थोरला असतो की, मागून वडिलांना ढकलावा लागतो. बैलांच्या पाठीवर झुली, शिंगांना बेगड, गळ्यात फुलांच्या माळा. मुलांनी धोतर नेसून डोक्याला फेटा बांधलेला असतो. देवळापुढच्या पटांगणात आंब्याच्या पानांचे तोरण बांधलेले असते. त्याखाली बैलांची रांग लागते, पूजा होते, तोरण तुटते आणि एकच गलका उठतो. मग मुले बैल घेऊन घरोघर जातात. घरची बाई बैलाला कुंकू लावते, त्याला ओवाळते आणि मुलाच्या हातावर खाऊ किंवा पैसे ठेवते. या भेटीला 'बोजारा' असे म्हणतात. आदल्या दिवशी खऱ्या बैलांना घेऊन येणाऱ्या गड्याला जो बोजारा मिळतो, तोच मान आज मुलाला मिळतो.

येथे थोडे थांबून विचार केला पाहिजे. हा लाकडी बैल आहे तरी काय? तो खेळणे आहे काय? असेल, तर एखादी प्रौढ बाई त्याला कुंकू लावून का ओवाळते? मग तो देव आहे काय? असेल, तर मुले त्याला दोरी बांधून चिखलातून फरफटत कशी नेतात? एखादी वस्तू पाहून 'हे काय आहे' हे कळते, तेव्हा आपण अर्धेच जाणतो. 'हे कोणासाठी आहे, केव्हा बाहेर काढतात आणि त्याच्याशी लोक कसे वागतात' हे कळले म्हणजे उरलेले अर्धे कळते. म्हणून प्रथम हा बैल कसा घडतो ते पाहू, आणि मग त्याच्या अर्थाकडे वळू.

विदर्भात सुताराला 'वाढई' म्हणतात. पूर्वी वाढई हा गावच्या बलुतेदारांपैकी एक होता. नांगर, वखर, बैलगाडीची चाके, घराची दारे-खिडक्या हे सारे तोच करी, आणि सुगीच्या वेळी प्रत्येक शेतकरी त्याला ठरलेले धान्य देई. ज्या हाताने बैलाच्या मानेवरचे जू घडविले, त्याच हाताने बैलही घडवावा, हे अगदी स्वाभाविक होय. बैलाचा खांदा कोठे रुंद असतो, वशिंड कोठे उंचावते, मान कोठे वाकते, हे वाढयाला चित्र पाहून शिकावे लागत नाही. जू नीट बसले नाही तर बैलाच्या खांद्याला जखम होते आणि ती तक्रार त्याच्याच दाराशी येते. खांद्याचे मोजमाप त्याच्या बोटांत असते.

लाकूड निवडणे हे पहिले काम. सागाचे लाकूड टिकाऊ. त्याला वाळवी सहसा लागत नाही. परंतु ते महाग आणि कोरण्यास कष्टाचे. शिवणीचे लाकूड हलके, मऊसर आणि एकसारख्या पोताचे असते. त्यावर पटाशी सरळ चालते. सावरीचे लाकूड फारच मऊ. त्याला कीड लवकर लागते. लाकूड कोणतेही असो, ते ओले असता कामा नये. ओले लाकूड वाळताना आकसते आणि त्याला भेगा पडतात. आज घडविलेला सुंदर बैल दिवाळीपर्यंत पोटाशी उकलला, तर मुलाच्या डोळ्यांत पाणी यायचेच.

मग ठोकळ्यावर बैलाची आकृती रेखाटतात. करवतीने आणि कुऱ्हाडीने नको असलेला मोठा भाग काढून टाकतात. पुढचे काम वाकसाचे. वाकस म्हणजे लहान दांड्याचे, आडव्या पात्याचे, कुदळीच्या घाटाचे हत्यार. त्याने लाकूड तासता येते. वाकसाच्या एकेका घावाबरोबर लाकडाची एकेक ढलपी उडते आणि ठोकळ्यातून पाठ, पोट व मान वर येऊ लागतात. बारीक काम पटाशीने करतात. शेवटी कानस आणि काचकागद फिरवून अंग गुळगुळीत करतात.

यात एक गंमत आहे, ती लक्षात घेण्यासारखी आहे. लाकडाला उभे तंतू असतात. तंतूंच्या दिशेने लाकूड बळकट असते. तंतू आडवे कापले गेले तर ते चटकन मोडते. बैलाचे शरीर लांब आडवे, आणि त्याचे पाय व शिंगे मात्र उभी. तंतू शरीराच्या लांबीने ठेवले, तर बारीक पाय आणि शिंगे आडव्या तंतूंची होतात आणि पहिल्याच आपटीला तुटतात. म्हणून वाढई शिंगे वेगळी घडवून डोक्यात खोचतो. पायही पुष्कळदा वेगळे बसवितो, किंवा ते जाडच ठेवतो. लाकडी बैलाचे पाय खऱ्या बैलापेक्षा आखूड आणि जाड का दिसतात, याचे उत्तर या तंतूंत आहे. तो कारागिराचा अडाणीपणा नाही. लाकूड जेवढे देते तेवढेच मागावे, हे त्याचे शहाणपण आहे. पुढे हे चारही पाय एका फळीवर पक्के करतात आणि फळीला चार चाके लावतात. बैल चाकांवर उभा राहतो. त्याचे पाय हलत नाहीत, पण तो चालतो!

रंग देण्यासाठी पूर्वी चुना, गेरू, काजळ ही घरचीच द्रव्ये पुरत. आता बाजारातील तैलरंग वापरतात. वर्धा आणि नागपूर या भागात गवळाऊ जातीची जनावरे प्रसिद्ध आहेत. ती पांढरी किंवा भुरकट असतात. तेव्हा लाकडी बैल पांढरा रंगविला, की मुलांना तो ओळखीचा वाटतो. शेवटी डोळे. डोळे काढताना वाढयाभोवती मुलांचा घोळका जमतो. "आबाजी, माझ्या बैलाचे डोळे मोठे काढा," असे कोणी सांगते. "मोठे काढले तर तो बुजरा दिसेल रे," असे उत्तर येते. एवढा वेळ तो लाकडाचा तुकडा होता. डोळे उमटताच पोरे त्याला नाव देऊन मोकळी होतात.

तान्हा पोळा कोणी सुरू केला? नागपूरच्या भोसले घराण्यातील दुसरे रघूजीराजे यांनी तो सुरू केला, असे नागपूरकर परंपरेने सांगतात. दुसऱ्या रघूजींचा राज्यकाल १७८८ ते १८१६ असा होता. मुलांना लहानपणीच बैलाचे महत्त्व कळावे, हा त्यांचा हेतू होता, असेही म्हणतात. राजाच्या आज्ञेने एखादा सण सुरू होऊ शकेल. पण केवळ आज्ञेने तो दोनशे वर्षे टिकत नाही. तो टिकावयास मुळाशी काही जुनी भावना असावी लागते. ती भावना किती जुनी आहे, याचा थोडा माग आपल्याला जमिनीखाली लागतो.

अहिल्यानगर जिल्ह्यात प्रवरा नदीच्या काठी दायमाबाद नावाचे ठिकाण आहे. तेथे १९७४ साली जमिनीतून चार ब्राँझच्या वस्तू निघाल्या. त्यांपैकी हत्ती, गेंडा आणि रेडा हे चाकांवर उभे राहतील असे घडविलेले आहेत. चौथी वस्तू सर्वांत सुंदर आहे: दोन बैल जोडलेला रथ आणि तो हाकणारा उभा माणूस. या वस्तू साडेतीन ते चार हजार वर्षांपूर्वीच्या असाव्यात, असे पुष्कळ संशोधक मानतात. चाकांवर उभा असलेला प्राणी ही कल्पना आपल्या भूमीत केवढी जुनी आहे पाहा! पुणे जिल्ह्यातील इनामगावच्या उत्खननात मातीचा लहानसा बैल सापडला. त्याच्याबरोबर मस्तक नसलेली एक स्त्रीमूर्तीही होती आणि ती बैलाच्या पाठीवर बसविता येते, असे आढळले. तो बैल काही निव्वळ खेळणे नव्हता, हे उघडच आहे.

मग इतक्या जुन्या काळचे लाकडी बैल का सापडत नाहीत? कारण सोपे आहे. ब्राँझ जमिनीत टिकते, भाजलेली माती टिकते; लाकूड टिकत नाही. आपल्याकडे चार महिने पाऊस पडतो, जमिनीत वाळवी असते. शंभर वर्षे जुना लाकडी बैलसुद्धा एखाद्या घरी जतन केला असेल तरच पाहावयास मिळतो. तेव्हा लाकडी मूर्तीचे आयुष्य वस्तूंनी मोजता येत नाही. ते हातांनी मोजावे लागते. जुना बैल मोडतो, वाढई त्याच घाटाचा नवा करतो. बैल जातो, घाट राहतो.

लाकडात आपले मन कोरणारे लोक महाराष्ट्रात इतरत्रही आहेत. अमरावती जिल्ह्यातील मेळघाटात कोरकू आदिवासी राहतात. घरातील माणूस मृत्यू पावल्यानंतर काही काळाने ते 'सिडोली' नावाचा विधी करतात आणि मृताच्या स्मरणार्थ सागाची कोरीव फळी उभी करतात. तिला 'मुंडा' म्हणतात. तिच्यावर सूर्य, चंद्र आणि घोड्यावर बसलेला स्वार अशी चित्रे कोरलेली असतात. ठाणे आणि पालघर जिल्ह्यांतील वारली लोक वाघदेवाची लाकडी फळी घडवितात. तिच्यावर वाघाबरोबर सूर्य, चंद्र, नाग हेही असतात. तिला शेंदूर लावून जंगलाच्या कडेला किंवा गावाच्या शिवेवर उभी करतात आणि वाघबारशीला तिची पूजा करतात. ज्याचे भय वाटते त्याला देव केले, की त्याच्याशी बोलता येते. हा त्यातला विचार आहे. दिघोरीच्या बाजूलाही वाघ काही परका नाही. नवेगाव आणि नागझिरा यांची अरण्ये फार दूर नाहीत. तरी तेथल्या मुलांनी पोळ्याला बैलच निवडला. कारण तो भयाचा नाही, उपकाराचा धनी आहे.

आता आपण फार दूरच्या एका देशात जाऊ. आफ्रिका खंडाच्या पश्चिम भागात माली नावाचा देश आहे. तेथे बांदियागारा या नावाची दीडशे किलोमीटर लांबीची कड्यांची रांग आहे. या कड्यांच्या कुशीत आणि पायथ्याशी डोगॉन नावाचे लोक शतकानुशतके राहत आले आहेत. ते बाजरी पिकवितात. पाऊस तेथे बेताचाच पडतो. लाकडी शिल्पासाठी हे लोक जगभर नावाजलेले आहेत, आणि त्यांची गावे असलेला हा कडा १९८९ साली जागतिक वारसा म्हणून नोंदला गेला.

डोगॉनांमध्ये लाकडाच्या मूर्ती लोहार घडवितो. जो लोखंडाची कुदळ करतो, तोच लाकडात देवपूर्वज कोरतो. आणि त्याचे मुख्य हत्यार कोणते? आपल्या वाढयाच्या वाकसासारखेच आडव्या पात्याचे हत्यार! डोगॉन मूर्तिकार पुष्कळदा संपूर्ण मूर्ती झाडाच्या एकाच ओंडक्यातून काढतो. म्हणून त्या मूर्ती झाडासारख्याच सरळ, उभ्या आणि सडपातळ दिसतात; हात अंगाला चिकटलेले असतात किंवा सरळ वर आकाशाकडे उचललेले असतात. झाडाच्या तंतूंविरुद्ध ते जात नाहीत. वर उचललेल्या हातांच्या मूर्तींचा अर्थ पावसासाठी केलेली प्रार्थना असा पुष्कळ लोक करतात. बेताच्या पावसावर बाजरी पिकविणाऱ्या माणसाने लाकडातूनही पाऊस मागावा, हे धान पिकविणाऱ्या माणसाला लगेच उमगेल.

डोगॉनांच्या धान्याच्या कोठारांना लहान कोरीव दारे असतात. त्या दारांवर माणसांच्या आकृतींच्या ओळी कोरलेल्या असतात. दारांची कुलपेही लाकडाची असून त्यांवर मूर्ती असतात. धान्याचे रक्षण कुलूप करते, आणि कुलपाचे रक्षण पूर्वज करतात! गावातील वडीलधाऱ्यांच्या बैठकीसाठी एक मांडव असतो, त्याला 'तोगू ना' म्हणतात. त्याचे खांब पुष्कळदा कोरीव असतात आणि छप्पर बाजरीच्या धाटांचे, चांगले जाड असते. पण हे छप्पर इतके ठेंगणे असते की, खाली माणसाला उभे राहताच येत नाही. याचे कारण मोठे मार्मिक आहे. वादात राग आला म्हणजे माणूस ताडकन उठतो. येथे उठला तर डोके छपराला लागते आणि मग त्याला मुकाट्याने खाली बसावे लागते. आपल्याकडील काही सभागृहांची छपरे जरा अधिकच उंच बांधली गेली, असे कधी कधी वाटते.

डोगॉनांचे मुखवटे तर फारच प्रसिद्ध आहेत. मृतांच्या सुतकाची अखेर करण्यासाठी 'दामा' नावाचा समारंभ होतो. त्यात मुखवटे घातलेले पुरुष नाचतात. 'कानागा' या मुखवट्याच्या माथ्यावर दोन आडव्या फळ्यांचा उंच लाकडी क्रूस असतो. हा कशाचा आकार आहे? कोणी म्हणतात, पंख पसरलेल्या पक्ष्याचा. कोणी म्हणतात, एक हात आकाशाकडे आणि एक पृथ्वीकडे करणाऱ्या विश्वनिर्मात्याचा. मार्सेल ग्रिओल या फ्रेंच अभ्यासकाने १९३१ पासून या लोकांमध्ये राहून त्यांच्या मुखवट्यांविषयी मोठा ग्रंथ लिहिला. तो १९३८ साली प्रसिद्ध झाला. पुढे वॉल्टर व्हान बेक या डच अभ्यासकाने १९९१ साली त्याच्या पुष्कळ निष्कर्षांवर शंका घेतली. दोघेही विद्वान, दोघेही त्याच लोकांत राहिलेले, तरी त्यांचे मत जुळले नाही. यात नवल मानण्याचे कारण नाही. लाकडी बैल हे खेळणे की देव, असा प्रश्न कोणी भंडारा जिल्ह्यातील दहा घरी विचारला, तर दहा घरी सारखेच उत्तर मिळेल असे नाही. आजी एक सांगेल, नातू दुसरे सांगेल, आणि दोघांचेही खरे असेल.

डोगॉनांच्या प्रदेशातील कोरड्या हवेमुळे कड्यांतील गुहांमध्ये ठेवलेल्या लाकडी वस्तू कित्येक शतके टिकून राहिल्या. आपल्या पावसाने जे नेले, ते त्यांच्या उन्हाने राखले. पण त्यांच्या वस्तूंवर दुसरेच संकट आले. विसाव्या शतकात युरोप-अमेरिकेत या मूर्तींना मोठी किंमत येऊ लागली. व्यापारी गावोगाव फिरू लागले. कोठारांची दारे उचकटली गेली, जुन्या मूर्ती विकल्या गेल्या, काही चोरीस गेल्या. आज पॅरिसच्या किंवा न्यूयॉर्कच्या संग्रहालयात काचेच्या पेटीत डोगॉन कोठाराचे दार सुरेख प्रकाशात उभे असते. ते पाहून आपण थक्क होतो. परंतु त्या दारामागे आता बाजरी नाही. ते उघडत नाही आणि मिटतही नाही.

आपल्या लाकडी बैलावर असे संकट आलेले नाही. त्याला चोरून नेण्याइतकी किंमत त्याला कोणी दिलेली नाही. त्याच्यापुढील अडचण निराळी आहे. तो ज्याची प्रतिमा आहे, तो बैलच शेतातून कमी होत चालला आहे. रोवणीच्या चिखलात आता ट्रॅक्टर फिरतो. आपल्या देशात २०१२ साली झालेल्या पशुगणनेत गोवंशातील नरांची संख्या सुमारे ६ कोटी ७९ लाख होती. २०१९ च्या गणनेत ती सुमारे ४ कोटी ७४ लाखांवर आली. सात वर्षांत दोन कोटींहून अधिक घट झाली! कित्येक गावांत मोठ्या पोळ्याच्या तोरणाखाली पूर्वी जेथे बैलांची दाटी होत असे, तेथे आज मोजक्याच जोड्या उभ्या राहतात. तान्ह्या पोळ्याला मात्र गर्दी कमी झालेली नाही. शहरातील मुले, ज्यांच्या घरी शेत नाही आणि गोठाही नाही, तीसुद्धा लाकडी बैल घेऊन येतात.

याविषयी जाणत्या लोकांत दोन मते ऐकू येतात. काही म्हणतात, बैल गेल्यावर लाकडी बैलाला काय अर्थ? ते नुसते सोंग. दुसरे म्हणतात, ज्या मुलाने बैलाला कधी हात लावला नाही, त्याला बैलाची ओळख याच लाकडातून होते. माझा कल दुसऱ्या मताकडे आहे. परंतु पहिल्या मतातील दुःख खोटे आहे असे मला म्हणवत नाही. ज्या मुलाने चिखलातून बाहेर आलेल्या बैलाचा उष्ण श्वास हातावर घेतलेला आहे, त्याला आपला लाकडी बैल जसा दिसतो, तसा तो इतरांना दिसणार नाही.

आणखी एक गोष्ट बदलत आहे. पूर्वीच्या गावात मोठ्या पोळ्याच्या रांगेला क्रम असे. पाटलाचा किंवा मालगुजाराचा मानाचा बैल पुढे, मग इतरांचे. ज्याच्या घरी बैलच नाही, अशा मजुराने त्या रांगेत उभे राहायचे ते दुसऱ्याच्या बैलाचा कासरा धरून. तान्ह्या पोळ्याला मात्र त्या मजुराचा मुलगाही स्वतःचा बैल घेऊन उभा राही. बापाने उरल्यासुरल्या लाकडाचा घडवून दिलेला, एक कान लहान आणि एक मोठा असलेला का होईना, पण तो त्याचा बैल असे. त्याचीही पूजा होई आणि त्यालाही बोजारा मिळे. वर्षातील त्या एका संध्याकाळी बैलाच्या बाबतीत कोणी गरीब नसे.

आता ठिकठिकाणी तान्ह्या पोळ्याच्या स्पर्धा होतात. उत्कृष्ट सजावटीला आणि उत्कृष्ट वेशभूषेला बक्षिसे देतात. स्पर्धेमुळे उत्साह वाढतो, चांगल्या कारागिराला काम मिळते, हे खरे. पण बक्षीस जर सर्वांत मोठ्या आणि सर्वांत महाग बैलालाच मिळू लागले, तर आदल्या दिवशीचीच रांग दुसऱ्या दिवशी पुन्हा उभी राहील. ज्यांच्या हाती बक्षिसे ठरविणे असते, त्यांनी मोठ्या बैलांकडे पाहून झाल्यावर रांगेच्या शेवटी उभ्या असलेल्या मूठभर बैलांकडेही वाकून पाहावे. घरी केलेली झूल, कागद कापून चिकटविलेली बेगड आणि बाटल्यांच्या झाकणांची चाके यांत जी बुद्धी दिसते, ती दुकानातून आणता येत नाही.

सण संपतो. बोजाऱ्याचे पैसे मोजून होतात. बैलाच्या चाकांना लागलेला चिखल वाळून कडक झालेला असतो. आई तो ओल्या फडक्याने पुसावयास सांगते. झूल घडी करून पेटीत जाते. फुलांची माळ निर्माल्यात जाते. बैल मात्र पुन्हा फळीवर चढतो. काही घरी तो देवघराच्या शेजारी असतो, काही घरी पुस्तकांच्या जवळ. वर्षभर त्याच्यावर धूळ बसते. मधूनमधून घरातील लहान मूल त्याला खाली काढावयास सांगते आणि एखादे शिंग निखळते. पुढल्या श्रावणात तो पुन्हा वाढयाच्या दारी जातो. नवे शिंग बसते, रंगाचा नवा हात फिरतो. तोपर्यंत त्याचा पहिला धनी मोठा झालेला असतो, त्याला मोठ्या पोळ्याला जावयाचे असते. दोरी धाकट्या भावाच्या किंवा बहिणीच्या हाती येते. वाढई डोळे रंगवू लागतो आणि पुन्हा कोणी तरी त्याला सांगते, "आबाजी, जरा मोठे काढा."